एका घोंगडीवर दोन पांढरी पोरं

आमच्या वस्तीवर सून यायची ती दोनच दारांतून. एक आमच्याच वस्तीतली दुसरी भावकी, आणि दुसरी माझ्या मामाची वस्ती. तिसरं दार नव्हतं.

शेळगावच्या वरल्या अंगाला माळ आहे, तिथं आमची घरं. मेंढरं राखायची, पाऊस झालाच तर बाजरी आणि हुलगा पेरायचा. सरकारनं पाट काढला तो आमच्या पायथ्यानं नेला. पाणी खालच्यांना मिळालं, आम्हाला नुसतं दिसलं. खालच्यांनी ऊस लावला, गुऱ्हाळं घातली, अंगात सदरे आले, आणि मग त्यांना आमचा वास यायला लागला. आधी त्या गावांतल्या आमच्या जातीच्या पोरी आमच्यात यायच्या, आमच्या त्यांच्यात जायच्या. पाट आल्यावर ते बंद झालं. त्यांच्यातला एक म्हातारा भर बाजारात म्हणाला, "माळावर लेक देण्यापरीस हिरीत ढकलू." आमच्यातल्या एकानं तिथंच उत्तर दिलं, "हिरीला पानी लागतं. ते तुमाला हाय, आमाला न्हाय. तुमीच ढकला." लोक हसले. पण त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या दारात पोरगी मागायला गेलो नाही. ताठा आमचाही कमी नव्हता.

मग पोरी त्याच त्या घरांत फिरत राहिल्या. माझी आजी, म्हणजे बापाची आई, मामाच्या वस्तीवरची. आत्या त्या वस्तीवर दिलेली. आई तिथली, आणि मामाची आई आमच्याकडची. सगळ्यांची नाकं बसकी, वरचे दात पुढं, कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या. बारामतीच्या बाजारात घोंगड्या विकायला बसलो की गिऱ्हाईक म्हणायचं, "काय रं, मगाशी तूच न्हवं पलीकडं? तितं तर स्वस्त सांगत व्हतास." पलीकडं माझा चुलत मामा बसलेला असायचा.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढची. साल नक्की सांगता येत नाही. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, लिहिता येतं तेवढ्यावर लिहितोय. अक्षराला हसायचं त्यानं हसावं.

माझं लग्न साटंलोटं होतं. मामाची लेक मला, आणि माझी धाकटी बहीण मामाच्या लेकाला. एकच मांडव, एकच दिवस, वाजंत्रीही एकच. साटंलोट्याला एक नियम असायचा आणि तो कुणी मोडलेला मी बघितला नव्हता. एकीला घालवली की दुसरीला घालवायची. तिकडं सासऱ्यानं माझ्या बहिणीला घराबाहेर काढलं तर इकडं मी माझ्या बायकोला बाहेर काढायचं, तिचा गुन्हा असो की नसो. म्हातारे म्हणायचे, ह्यामुळंच दोघी सुखात राहतात. राहायच्याही. आपली लेक परत येईल ह्या भीतीनं कुणी दुसऱ्याच्या लेकीला हात लावायचा नाही.

बाप माझा लवकर गेला, पण मेंढरांचं सगळं शिकवून गेला. एक मेंढा कळपात फार वर्षं ठेवायचा नाही. तो स्वतःच्याच लेकींवर चढायला लागला की कोकरं बिघडतात. एखादं आखूड जबड्याचं निघतं, त्याला आईचं दूध ओढता येत नाही. एखादं भुऱ्या बुबुळांचं निघतं, ते उन्हात डोळे मिटून उभं राहतं. म्हणून बाप माणदेशात जायचा, परक्या कळपातला मेंढा आणायचा आणि आपला तिथं देऊन यायचा. वस्तीवर सगळेच असं करायचे. पोरासोरांनाही ते माहीत होतं.

लग्नानंतर बहिणीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्या घरी आली. माझी बायकोही तेव्हा पोटुशी होती, पण तिला अजून अवकाश होता. बहिणीला कळा सुरू झाल्या, सकाळच्या पारी पोर झालं. सुईण आमच्या भावकीतलीच म्हातारी. तिनं पोर हातात घेतलं आणि गप्प बसली.

"काय झालं?" बहिणीनं विचारलं.

"पोरगा."

"मग बोलत का न्हाईस, काकू? मेलंय का?"

"जित्तं हाय," म्हातारी म्हणाली, आणि पोर तिच्या कुशीत दिलं.

पोराच्या डोक्यावर केस होते ते घायपाताच्या वाखासारखे पांढरे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. अंग उंदराच्या पिलासारखं गुलाबी. डोळे उघडले तर बुबुळं भुरी आणि ती एका जागी ठरायची नाहीत, सारखी हलायची. मी जवळनं बघितलं. नाक बसकं होतं, कानाची पाळी चिकटलेली होती. आमचंच होतं ते. पण रंगापुढं नाक कोण बघतो?

बारशाला मामा आणि त्याचा लेक आले. मामानं पोरासाठी कुंची शिवून आणली होती. त्यानं पाळण्यात वाकून बघितलं आणि सरळ उभा राहिला.

"बाई," तो माझ्या आईला म्हणाला. आई त्याची धाकटी बहीण. "हे कुनाचं?"

"असं काय बोलतोस, भाऊ?"

"मग काय बोलू? साहेबाचं पोर मी माज्या घरात झुलवू?"

त्या वर्षी पाटाचा एक गोरा साहेब घोड्यावरून हिंडायचा. पाटाच्या कडेला सरकारी बंगला होता, तिथं उतरायचा. पाटाचं पाणी बंद केलं की गाळ काढायचं काम निघायचं आणि माळावरच्या बायका त्या कामाला जायच्या. माझी बहीणही गेली होती. तिच्या सासऱ्यानंच धाडली होती, आपल्या घरच्या बायकांबरोबर.

बहीण आतून म्हणाली, "मामा, गाळाला मी माज्या पायानं न्हाय गेले. तुमी धाडलं. मामी संगं व्हती. इचारा तिला."

"इचारलंय. ती म्हंती, साहेब घोड्यावरनं उतरला नि पानी पिला."

"पिला की. पखालीतनं पिला."

"तुज्याकडं बघितलं का न्हाय त्यानं?"

"समद्यांकडंच बघितलं. गुडघ्याएवढ्या गाळात उभ्या ऱ्हायलेल्या बाया, त्यात काय बघनार मेला?"

तिचा नवरा दारात उभा होता. वहाणेच्या टोकानं माती उकरत होता. मी त्याला म्हणालो, "पाव्हणं, तुमी बोला की. पोर तुमचं हाय."

तो म्हणाला, "आबा म्हंतील तसं." आबा म्हणजे त्याचा बाप, माझा मामा.

मामानं आणलेली कुंची परत पिशवीत घातली आणि दोघं निघून गेले. जाताना मामा म्हणाला, "तुजी भन तुज्याकडंच ठेव. आमच्या उंबऱ्याला तिचा पाय लागाया नगं."

झालं. मी माझ्या बायकोला म्हणालो, "ऊठ."

"मी काय केलं?" ती म्हणाली.

"तू काय न्हाय केलंस. तुज्या बापानं केलं."

"मग त्यालाच घालवा की."

तरी उठली. नियम तिलाही माहीत होता. मी तिला मामाच्या वस्तीच्या शिवेपर्यंत नेली आणि तिथून मागं फिरलो. तिचं पोट दिसायला लागलं होतं. पुढं लोक मला विचारायचे, लाज नाही वाटली? नाही वाटली. मी तिला ठेवून घेतली असती तर सगळे म्हणाले असते, ह्यानं गप्प गिळलं, म्हणजे पोर साहेबाचंच आहे. मग माझ्या बहिणीला उभं राहायला जागा राहिली नसती.

पुढचे दिवस बहिणीनं काढले ते मी बघितले. पाणी भरायला गेली की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. पोरं दारासमोर येऊन कपाळाला हात लावायची, "साहेब, सलाम!" खालच्या गावात ही बातमी गेली तेव्हा तर बाजार झाला. मी मेंढरं घेऊन पाटाकडं उतरलो की ऊसवाले बांधावरून ओरडायचे, "काय पाव्हणं, इलायती बकरं झालं म्हनं घरात! इकायचं हाय का?" एकाच्या तोंडात मी दगड घातला. त्याचा दात पडला. बाकीच्यांचं ओरडणं काही थांबलं नाही, ते लांबून ओरडायला लागले.

भावकीतल्या बायकांनी उपाय सांगितला: पोराला हळद-तेल चोळून उन्हात ठेव, रंग धरेल. बहिणीनं ठेवलं. आईनं शेतातून येताना ते बघितलं आणि धावत येऊन पोर उचललं. "उनात नगं! भाजतं ते!" तोवर पाठीवर फोड आले होते. बहीण रडत बसली. आईला हे कसं ठाऊक, असं त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

शेवटी पंच बसले. बिरोबाच्या देवळापुढं, दोन्ही वस्त्यांची माणसं. पंचांमधला थोरला होता त्याला सगळे तात्या म्हणायचे. बहीण पोराला पदराखाली घेऊन एका बाजूला बसली. प्रश्न एकच होता: पोर नवऱ्याचं आहे की नाही. आहे म्हटलं तर मामानं बहिणीला परत न्यायची. नाही म्हटलं तर ती जन्मभर टाकलेली.

मामा म्हणाला, "मी वाईट मानूस न्हाय. तिनं ते पोर बंगल्याच्या पायरीवर ठिवावं, ज्याचं त्याला. पोरगी मी आत्ता घेऊन जातो."

लोकांना हे पटलं. माना हलल्या. तात्यानं बहिणीला विचारलं, "काय गं?"

बहीण म्हणाली, "पायरीवर ठिवलं म्हंजी मी कबूल केलं. न्हाय ठेवत."

मग मी उठलो. मी म्हणालो, "तात्या, तुमच्या कळपात भुऱ्या डोळ्यांची कोकरं पडतात तवा तुमी काय करता?"

"मेंढा बदलतो."

"का बदलता?"

"एकच रगत फिरून आलं की कोकरं बिघडतात. हे शेंबडं पोर बी सांगंल."

"मग आपन किती पिढ्या मेंढा बदलला न्हाय ते मोजा. माजी आय मामाची भन, माजी भन मामाची सून, मामाची लेक माजी बायकू."

एक-दोघं बोटांवर मोजायला लागले. मला वाटलं, पटलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी तुजा मामा मेंढा का रं?" दुसरा म्हणाला, "आनि भन मेंढी! लोकर कातरा तिची, पांढरी निघंल!" सगळी माणसं हसली. मामासुद्धा हसला. हसून झाल्यावर तात्याचा चेहरा कडक झाला. "मानसाला जनावराच्या वळीत बसवतोस? देवाच्या दारात? तुज्या बापानं हेच शिकवलं व्हय? खाली बस."

मी बसलो नाही. दोघांनी खांद्याला धरून बसवलं.

तात्या म्हणाला, "साधं इचारतो. पोर ह्या घरान्याचं असंल तर ह्या घरान्यात असलं आदी कदी तरी झालं आसंल. घरची लेक हितं बसलीय. तिलाच इचारू." आणि त्यानं माझ्या आईला पुढं बोलावलं. देवापुढच्या वाटीत भंडारा होता. हातात भंडारा घेऊन जो खोटं बोलेल त्याचा वंश बुडतो, असं आमच्यात सगळे मानायचे. "उचल. आनि सांग. तुज्या माह्यारात असलं पांढरं पोर कदी जल्मलं व्हतं?"

आईनं भंडारा उचलला. मामाकडं बघितलं नाही, बहिणीकडं बघितलं नाही.

"न्हाय," ती म्हणाली.

तात्या म्हणाला, "संपलं." बहीण टाकली गेली. वर असंही ठरलं की पोर घरात आहे तोवर आमच्या चुलीला कुणी विस्तव द्यायचा नाही.

त्यानंतर मी घरात आगपेटीतल्या काड्या उभ्या चिरून अर्ध्या अर्ध्या वापरायला लागलो, आणि बहीण पोराला घेऊन दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून राहायला लागली. ती फार बोलायची नाही. एकदा मला म्हणाली, "दादा, त्या बंगल्यावर मी कदी गेले न्हाय. तुला तरी खरं वाटतं न्हवं?" मी म्हणालो, "मला इचारायचं न्हाय असलं." पुन्हा तिनं विचारलं नाही.

मग मामाच्या वस्तीवरून निरोप आला. माझी बायको बाळंत झाली, मुलगी झाली आणि मेली.

आमच्यात तान्ह्या पोराला पुरतात, आणि पहिली मूठ माती बापानं टाकायची असते. मी होतो तसा निघालो. मामा अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"माती कुठं दिली?"

"दिली. झालं ते झालं. बस, पानी पी."

"बापाशिवाय कशी दिली?"

"टाकलेल्या बायकूच्या पोराला कसला बाप, जावईबापू?"

"कुठं दिली ते दाव."

त्यानं बाभळीच्या खाली बोट दाखवलं. माती ताजी होती, वर दगड ठेवले होते. मी दगड बाजूला केले आणि तिथंच पडलेल्या खुरप्यानं माती उकरायला लागलो. मामा उठला. "काय करतोस? पुरलेलं उकरू नगं, पाप हाय!" मी म्हणालो, "एक मूठ टाकायची तर तोंड बघून टाकीन." त्याचा लेक मला धरायला आला. मी खुरपं उगारलं तसा तो मागं सरला.

फडकं लागलं. हाताला ते हलकं लागलं आणि खरबरीत लागलं. उलगडलं तर कोकरू. दोन दिवसांचं असेल नसेल, मेलेलं, माझ्या बायकोच्या लुगड्याच्या फाडलेल्या तुकड्यात गुंडाळलेलं.

मी ते नेऊन मामाच्या उंबऱ्यावर टाकलं. म्हणालो, "ही तुजी नात. हिला पाळन्यात घाल." आणि आत घुसलो.

मागच्या खोलीत कणग्यांच्या आड माझी बायको बसली होती. मांडीवर पोरगी. अंधारातसुद्धा डोकं पांढरं दिसत होतं. बायको म्हणाली, "मी वरडले असते तर तिला खरंच पुरली असती. आबा म्हनाला तसं."

तिच्याबद्दल कुणी काय म्हणणार? ती कधी गाळाला गेली नव्हती. साहेबाचा घोडासुद्धा तिनं बघितला नव्हता. लग्न झाल्यापासून ती माझ्या घरातून बाहेर पडली ती मी बाहेर काढली तेव्हाच. मामाला हे सगळं कळत होतं, म्हणूनच ते कोकरू पुरलं होतं. त्याची नात दिसली असती तर माझी बहीण सुटली असती आणि त्याचं घर अडकलं असतं.

मी बायकोला आणि पोरीला घेऊन आलो. आई दारात होती. तिनं पोरीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि तिच्या तोंडून गेलं, "बया! हुबेहूब माजा भाऊ."

बहीण आत उभी होती. तिनं ऐकलं.

"कंचा भाऊ?"

आईनं तोंडावर हात ठेवला. पण आता काय उपयोग? मग तिनं सांगितलं. मामा आणि ती, ह्यांच्या मधला एक भाऊ होता. पांढरा. तो दिवसा घरात कोंडलेला असायचा, दिवस मावळला की बाहेर काढायचे. उन्हात एकदा गेला तर अंगाची साल निघाली होती. पाटाच्या कडेचा बंगला व्हायच्या आधीची गोष्ट, गोरा माणूस तेव्हा ह्या माळावर कुणी बघितलाच नव्हता. अंगावरच्या जखमा चिघळून तो मिशी फुटायच्या आत मेला, आणि त्याचं नाव घ्यायचं नाही असं घरात ठरलं.

आता दवाखान्यातली पोरं वस्तीवर येतात, बोटातून रक्त घेतात, कोण कुणाला दिली ते विचारतात. ती म्हणतात, असा दोष चांगल्या धडधाकट माणसाच्या रक्तात दडून बसतो, त्याला स्वतःला काही होत नाही. नवरा आणि बायको दोघांकडं तोच दडलेला असला तर एखाद्या पोरात तो वर येतो. एका आजा-आजीची नातवंडं एकमेकांना दिली की दोघांकडं तोच असायचा संभव जास्त. असेल. तेव्हा आमच्या घरात हे कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा बहीण फक्त एवढंच म्हणाली, "तुला ठावं व्हतं. आनि तू भंडारा उचललास."

आई म्हणाली, "भावाच्या अजून दोन लेकी उजवायच्या हायत. मी व्हय म्हनले असते तर त्यांना कुनी केलं असतं?"

"आनि मला?"

"तुला तुजा भाऊ हाय की संभाळायला."

त्या दिवसापासून बहीण आईशी कधीच बोलली नाही. एकाच घरात राहून, एकाच चुलीवर भाकरी भाजून. आई मरायला टेकली तेव्हा तिनं बहिणीला हाक मारली. बहीण बाहेर शेण सारवत होती. हात धुऊन आली नाही. सारवण संपवलं.

पुन्हा पंच बसवले. मी त्या वेळी मेंढ्याची गोष्ट काढली नाही, आईचा भंडाराही काढला नाही. घरातलं ते घरात. मी देवळापुढं एक घोंगडी अंथरली आणि सावलीत त्यावर दोन पोरं शेजारी शेजारी ठेवली. बहिणीचा पोरगा आणि माझी पोरगी. दोन्ही पांढरी, दोघांचं नाक बसकं, दोघांचे डोळे हलणारे. लोक उठून बघायला आले. कुणी हसलं नाही. एक जण हळूच म्हणाला, "साहेब लई हिंडला म्हनायचा," तर तात्यानं त्याच्याकडं असं बघितलं की तो माणसांमागं गेला.

तात्यानं मामाला विचारलं, "तुजी लेक बी गाळाला गेल्ती का?"

मामा पटका सोडून पुन्हा गुंडाळायला लागला.

"मग घेऊन जा सून. आनि समद्या जमातीला जेवान घाल."

बहीण सुटली. तिच्यावरचा डाग गेला, असं पंचांनी सगळ्यांपुढं म्हटलं. पण लगेच तात्या असंही म्हणाला की ह्या दोन्ही घरांशी आता कुणी नवी सोयरीक जोडायला जाऊ नये. मामाच्या दोन्ही लेकी त्या वाक्यानं घरात राहिल्या. आईनं ज्यांच्यासाठी भंडारा उचलला त्या.

मामा आणि त्याचा लेक बैलगाडी घेऊन बहिणीला न्यायला आले. मामाचं तोंड पडलं होतं. बहीण तयार झाली आणि मग नवऱ्याला म्हणाली, "माळावरनं न्हाय यायची मी. सडकंनं जायचं, खालच्या गावातनं. आज बाजार हाय. दीस कलला की निघू, म्हंजी पोराला ऊन लागनार न्हाय. गावात शिरलो की तुमी उतरायचं नि पोर खांद्यावर घेऊन बाजारातनं चालायचं. समद्यांनी बघितलं पायजे कुनाचं हाय ते."

मामा म्हणाला, "पंचांनी म्हटलं की! आनि काय पायजे?"

"पंच माळावरचं. हसनारं खालचं."

नवरा म्हणाला, "घेतो." मला त्या वेळी तो बरा वाटला. मीही त्यांच्याबरोबर निघालो.

पाटावरच्या पुलापाशी तो उतरला. पोर खांद्यावर घेतलं. बहीण त्याच्या मागं चालली, डोक्यावर पदर नीट करून, मान वर. मी तिला अशी चालताना बऱ्याच दिवसांनी बघत होतो. पहिल्या काही दुकानांपर्यंत लोक नुसते बघत राहिले. मग गुळाच्या ढेपांपाशी बसलेला एक जण ओरडला, "आला, आला, इलायती साहेब आला! आनि ह्यो कोन, साहेबाचा पट्टेवाला?"

सगळा बाजार हसला. बायकासुद्धा. कुणीतरी वाकून सलाम केला. पोर त्या आवाजानं रडायला लागलं. नवरा आणखी थोडं चालला. त्याचे कान लाल झाले होते. पुढं एका गुऱ्हाळाच्या बाहेर चिपाडांचा ढीग होता. तो थांबला, त्यानं पोर खांद्यावरून काढलं, त्या चिपाडांवर ठेवलं आणि पुढं चालायला लागला. धावला नाही. मागं वळून बघितलं नाही. नुसता चालत गेला.

बहीण तिथंच उभी राहिली. मामा गाडीतून म्हणाला, "चल पोरी, बस गाडीत. पोराला मी घेतो. हितं तमाशा नगं."

तिनं पोर उचललं, अंगाची चिपाडं झटकली, त्याच्या डोळ्यांवर पदर ओढला आणि माळाच्या वाटेला वळली.

"मागारी गेलीस तर दोष तुजा हाय!" मामा ओरडला. "पंचांनी न्याय दिलाय!"

"असू द्या," ती म्हणाली.

मग मामा माझ्याकडं वळला. "तुजी भन मागारी चालली. माजी लेक धाड. उद्याच्या उद्या."

मी म्हणालो, "न्हाय धाडत."

"नियम हाय साटंलोट्याचा!"

"आसंल."

मी एकदा तो नियम पाळला होता. पुन्हा पाळायचा की नाही हे मामानं मला सांगायचं नव्हतं. पंचांनीही नाही. पुढं पंचांनी आमचा विस्तव पुन्हा बंद केला, पाणवठा बंद केला, आणि आम्ही वस्तीच्या बाहेर घर बांधलं. माझ्या पोरांच्या सोयरिकी मी माणदेशात केल्या, मेंढे जिथून आणायचो तिथंच. वस्तीवरचे मला त्यावरून हसले. हसू देत.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी बहीण पुढं आणि मी मागं, असे आम्ही माळ चढून आलो. माझ्या बायकोनं लांबूनच आम्हाला बघितलं असणार. बहीण परत येतेय, पोर कडेवर आहे, एवढं तिला दिसलं, आणि तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. आम्ही अंगणात आलो तेव्हा ती दारात उभी होती. पोरगी काखेत, पायाशी बांधलेलं गाठोडं.

"सोड ते," मी म्हणालो. "तुला कुठं जायचं न्हाय."

ती म्हणाली, "तुमी आज म्हंताय."

बहीण तिच्या बाजूनं आत गेली. बायको बराच वेळ तशीच उभी होती. मग तिनं गाठोडं उचललं आणि आत नेऊन पाळण्याखाली ठेवलं. पुढं त्यातलं लुगडं लागलं, पोरीचं टोपरं लागलं, तर ती तेवढं काढून घ्यायची आणि पुन्हा गाठ मारायची.